बुवांना ऐकू येते ते, आणि मंडपाला ऐकू येते ते

मंडळी, सप्ताहाच्या दिवसांत गावोगाव एक भांडण ठरलेले असते. बुवा म्हणतात, आवाज उत्तम लागला. मंडपाच्या मागची माणसे म्हणतात, शब्द कळला नाही. म्हणून आज खता-औषधांचे राहू द्या.

गेल्या वर्षी माझ्या भागातल्या एका गावी भजनाला बसलो होतो. पुढे होतो तोवर छान वाटले. पाणी प्यायला उठलो आणि मागे खांबाला टेकलो, तर नुसती टाळांची खणखण! मधूनच बुवांचा चढलेला आवाज. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बुवा आता गात नाहीत, ओरडतात." तरुण मंडळींनी तर पुढल्या वर्षी दुसरा गायक आणायचे ठरवलेच होते. तीस वर्षे गावाचे भजन सांभाळलेला माणूस!

सकाळी बुवांकडे चहाला गेलो. घसा पार बसलेला. म्हणाले, "साहेब, मला माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो. दोष भोंगेवाल्याचा."

बुवा खोटे बोलत नव्हते. दोन्ही कानांत बोटे घालून, ओठ मिटून 'म्' म्हणून पाहा. आवाज डोक्यात घुमतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज दोन वाटांनी मिळतो: एक हवेतून, दुसरी जबड्याच्या व कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा आवाज भरदार असतो, पण तो फक्त त्याच्याच वाट्याचा. मोबाइलवर भरलेला स्वतःचा आवाज आपल्याला पातळ, परका वाटतो तो यामुळेच. पोवाडा म्हणताना शाहीर कानावर हात ठेवतात, त्यातही हीच सोय आहे. बाहेरचा गलबला कमी, आतला सूर जास्त.

आता शेजारी पखवाज आणि मागे वीस टाळकरी. हवेतली वाट बुजते. मग गाणारा नकळत आवाज चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली ही गोष्ट नोंदवली. चढवला की आवाज पुन्हा ऐकू येतो, गाणाऱ्याचे समाधान होते आणि घशाचे हाल होतात.

मागे बसलेल्यांना यातले हाडांतले काहीच मिळत नाही. त्यांना मिळतो भोंगा. भोंग्यातून खर्ज नीट निघत नाही. पखवाजाला कणीक लावून आणलेला घुमारा तिथेच राहतो, टाळ मात्र सुरीसारखे बाहेर येतात. त्यांच्याखाली शब्दांतली व्यंजने झाकली जातात.

व्यंजने गेली की काय होते, ते मी सोसले आहे. एका मेळाव्यात मी 'दहा लिटरला वीस मिली' सांगितले. मला वाटले, काय खणखणीत बोललो! मागच्या रांगेत ते 'तीस' ऐकू गेले. एकाची मिरची करपली. तेव्हापासून मी 'दोन दहा, वीस' म्हणतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाकडून आकडा परत म्हणवून घेतो.

संध्याकाळी आम्ही थोडी हलवाहलव केली. टाळकऱ्यांसमोरचा माइक काढला, टाळांना तशी गरजच नसते. टाळकरी चार हात मागे सरकवले. एक लहान पेटी-स्पीकर बुवांकडे तोंड करून, माइकच्या पाठीमागे, हळू आवाजात ठेवला. माइकच्या तोंडासमोर ठेवला असता तर शिट्टी ठरलेली. गल्लीच्या टोकाचा भोंगा बंद केला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरचे शब्द पाव सेकंदाहून उशिरा पोचतात आणि जवळच्या भोंग्यातल्या शब्दांवर चढतात. भोंगेवाला कुरकुरला, कारण भाडे भोंग्यामागे होते. ते त्याला पूर्ण दिले.

आणि बुवांच्या नातवाला शेवटच्या खांबाजवळ उभे केले. शब्द कळेनासा झाला की हात वर करायचा, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासात पोराने चार वेळा हात वर केला. बुवा दोनदा चिडले, तिसऱ्यांदा आवाज उतरवला. रात्री दहाला भोंगे बंद झाले, तेव्हाही घसा शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर भरलेले भजन त्यांना ऐकवले. बुवा दोन मिनिटे ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. पण हा मी नव्हे."