एका दरीचा वारकरी

निसर्गाची आवड आपण बहुधा ठिकाणांच्या संख्येवर मोजतो. महाबळेश्वर झाले, उटी झाली, यंदा काश्मीर! सुट्टी संपली की आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापक मंडळींत असाच हिशेब निघतो. अशा वेळी मला ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराची हटकून आठवण होते. या गृहस्थाने ६८ वर्षे एकाच दरीची वारी केली.

“एकाच दरीची? कंटाळा नाही आला?” असे आपण विचाराल. पण पंढरीच्या वारकऱ्याला आपण हा प्रश्न कधी विचारतो का?

ॲडम्सचा जन्म १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. चौदाव्या वर्षी, १९१६ साली, आईवडिलांबरोबर तो सिएरा नेवाडा पर्वतातली योसेमिटी दरी पाहायला गेला. तिथेच त्याच्या हाती कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा आला. त्यानंतर १९८४ साली मृत्यू येईपर्यंत एकही वर्ष त्याने चुकवले नाही. खरे म्हणजे त्याला व्हायचे होते पियानोवादक. दरीत सरावाला पियानो मिळाला तो एका चित्रकाराच्या स्टुडिओत. आणि १९२८ साली त्या चित्रकाराच्याच मुलीशी त्याचे लग्न झाले! दरीने माणसाला घरजावईच करून घेतले म्हणा ना.

एप्रिल १९२७ मधली गोष्ट. हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर तो बर्फ तुडवीत पोहोचला, तेव्हा जवळ काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळी काच लावून घेतली. लगेच जाणवले, चित्र बरोबर येईल; पण कडा मनाला जसा भिडला तसा येणार नाही. मग शेवटच्या प्लेटेला त्याने गडद लाल काच लावली. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आभाळ जवळजवळ काळे उमटले आणि कडा त्यातून अंगावर आला. कॅमेरा काय पाहतो यापेक्षा आपण काय पाहतो, हे त्या दिवशी त्याला उमगले.

पण नुसत्या पाहण्यावर हे प्रेम थांबले नाही. याच पर्वतातला किंग्ज कॅन्यनचा मुलूख राखला जावा म्हणून सिएरा क्लबच्या वतीने १९३६ साली तो छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेला, पुढाऱ्यांना भेटला. १९३८ साली निघालेले त्याचे पुस्तक अध्यक्ष रूझवेल्टपर्यंत पोहोचले. १९४० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. हे एकट्या चित्रांनी घडले नाही; पण ज्यांनी तो मुलूख कधी पाहिला नव्हता, त्यांच्या डोळ्यांपुढे तो चित्रांनीच उभा केला. १९८५ साली सिएरातल्या एका शिखराला ॲडम्सचे नाव देण्यात आले.

या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मोबाईलमध्ये शेकडो फोटो जमतील. जमू द्यात! पण त्यांत एखादी टेकडी, एखादे तळे असे असावे, की उद्या त्याच्यावर घाला आला तर तो फोटो हातात घेऊन आपण कुणाच्या तरी दारी उभे राहू.