शेतकऱ्यांच्या बँकेची कमान

व्यवहार मोबाइलवर गेले, लहान गावांतल्या बँकांच्या शाखा आटू लागल्या. मग त्या जुन्या वास्तूंचं काय? या अंकात आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटातलं ओवाटोना निवडलं आहे. तिथे १९०८ साली वास्तुरचनाकार लुई सलिव्हनने शेतकऱ्यांची बँक उभारली: तांबूस विटांचा चौकोनी ठोकळा, दोन बाजूंना भल्याथोरल्या कमानी, त्यांत रंगीत काचा, आत भिंतीवर चरणाऱ्या गाई. दुधदुभत्याच्या गावाला आणखी काय शोभणार! (नक्षीकामात सहायक जॉर्ज एल्म्सलीचा मोठा वाटा, त्याचं नाव मागेच पडतं.) १९२६ मध्ये बँक बुडाली, इमारत राहिली, १९८१ साली टपाल तिकिटावरही झळकली.

वापरात असलेली वास्तूच टिकते, असं आमचं मत. पटत नसेल तर जरूर भांडा, आणि तुमच्या गावच्या जुन्या बँकेविषयी लिहून कळवा.