पहिला तागा देण्याआधी

भिवंडीच्या गल्लीत शिरलं की माणूस दिसण्याआधी यंत्रमागाची खडखड कानी पडते. शहराबाहेर नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्या आणखी वाढल्या. या दोन्हींच्या आधारानं अनेक तरुण स्वतःचं काही उभं करू पाहताहेत. कुणी चार माग मजुरीवर चालवतो, कुणी टेम्पो घेतो, कुणी पॅकिंगचं काम धरतो.

हा अंक त्यांच्यासाठी आहे. छोटा धंदा काम नसल्यानं जितका बुडतो, तितकाच अडकलेल्या पैशानं बुडतो. व्यापारी सूत देतो, आपण मीटरवर कापड विणून देतो; पैसे आले नाहीत तरी वीजबिल आणि कारागिराची मजुरी थांबत नाही.

म्हणून पहिलं बिल फाडण्याआधी छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि मोफत होते. नोंदणी असली, की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं.

‘ओळखीत कागद कशाला?’ असं म्हणू नका. दर, मुदत, मालातली खोट कोण सोसणार, हे सगळं लिहून घ्या. कागदामुळेच ओळख टिकते. आणि मुदत सरली, की घामाचे पैसे मागताना संकोचू नका.