नकाशेवाल्यांचे षड्रिपु

सन २०२१ च्या मे महिन्यांत उल्हासनगरांत तेरा दिवसांच्या अंतरानें दोन राहत्या इमारतींचे स्लॅब कोसळले. पहिला १५ तारखेस, दुसरा २८ तारखेस. दुसऱ्या अपघातांत सात माणसें प्राणांस मुकलीं. दोन्ही ठिकाणीं प्रकार एकच झाला. वरचा स्लॅब खालच्या मजल्यांचे स्लॅब आपल्याबरोबर घेऊन तळमजल्यापर्यंत आला, आणि घरांत बसलेलीं माणसें त्याखालीं सांपडलीं. असें कांहीं घडलें म्हणजे लोकांचें न्यायासन लगेच भरतें व तीन आरोपी उभे केले जातात: बिल्डर लोभी, पालिका झोपलेली आणि रहिवासी बेफिकीर. हे तिघेही निर्दोष आहेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु या यादींत एक चौथें नांव असावयास पाहिजे, आणि तें कोणी घेत नाहीं. खांब कोठें यावा, तुळई केवढी असावी, सळई कोणत्या जाडीची घालावी, हें जो ठरवितो त्याचें तें नांव होय.

आमचा एक जुना विद्यार्थी अंबरनाथ-बदलापूर भागांत इमारतींचे नकाशे काढून चांगलें मिळवितो. या विषयावर बोलणें निघालें तेव्हां तो हंसून म्हणाला, "सर, आम्ही रेघा ओढतो. भिंती दुसरे बांधतात, पैसा तिसऱ्याचा असतो, आणि सही चौथ्याची लागते." हें वाक्य ऐकून आम्हांस त्याच्या बुद्धीचें कौतुक वाटलें आणि आमच्या शिकवणीची लाज वाटली. त्या वाक्याचें खंडन करण्यासाठींच हा लेख आहे. विशिष्ट इमारतीच्या विशिष्ट नकाशेवाल्यावर ठपका ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. तें काम न्यायालयांचें. आम्हांस भांडावयाचें आहे तें एका सबबीशीं.

येथें पहिला आक्षेप असा येईल कीं, उल्हासनगरच्या कित्येक इमारतींस नकाशाच नव्हता, मग नकाशेवाल्यास दोष कसा? मुंबई उच्च न्यायालयापुढें या शहरांतील ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न आला, आणि २००६ सालीं अशीं बांधकामें दंड घेऊन नियमित करण्यासाठीं राज्यास स्वतंत्र कायदा करावा लागला, हें सर्वश्रुत आहे. परंतु पालिकेच्या दप्तरीं नकाशा नसणें वेगळें आणि कोणाच्या डोक्यांत नकाशा नसणें वेगळें. इमारत कांहीं अळंब्यासारखी पावसानें उगवत नाहीं. कोणीतरी जागेवर उभा राहून "येथें खांब, तेथें जिना, वर आणखी एक मजला" असें बोलल्याशिवाय ती होत नाहीं. जो हें बोलतो तो रचनाकार. त्याच्याजवळ पदवी असो, परवाना असो, वा नुसती पेन्सिल असो. ज्यास हल्लीं डिझायनर म्हणतात त्याची आम्ही एवढीच व्याख्या करतों: ज्याच्या निर्णयांत दुसऱ्यास राहावें लागतें तो.

आतां षड्रिपूंकडे वळूं. ही भाषा पुराणिकाची आहे, धंद्याशीं तिचा काय संबंध, असें नव्या विद्वानांस वाटेल. त्यांनीं धारच्या भोज राजाच्या नांवावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुग्रंथ चाळावा. टी. गणपतिशास्त्री यांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेंत १९२४-२५ मध्यें छापून निघाला. त्यांत स्थपतीच्या अंगीं चार गोष्टी असाव्या असें सांगितलें आहे: शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. शास्त्र जाणतो पण हात चालत नाहीं, हात चालतो पण शास्त्र जाणत नाहीं, असे अपुरे लोक कोणते याचा विचार करून ग्रंथकार शीलावर येतो, आणि शील नसलेला मनुष्य क्रोध, द्वेष, लोभ, मोह, आसक्ति यांच्या पायीं काम बिघडवितो अशा आशयाचा इशारा देतो. म्हणजे षड्रिपूंची गोष्ट कीर्तनांतून धंद्यांत आम्हीं आणलेली नाहीं. ती धंद्याच्या ग्रंथांतच होती, धंदेवाल्यांनीं ती बाहेर काढून टाकली.

लोभाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण तो सर्वांस दिसतो. सळईवरचें काँक्रीटचें कवच पातळ ठेवलें कीं थोडा पैसा वांचतो. पुढें ओल आंत शिरते, सळई गंजते, गंजून फुगते, आणि काँक्रीटचे पोपडे पडूं लागतात. या लोभांत नकाशेवाल्याचा वांटा बहुधा सर्वांत लहान असतो, आणि त्यामुळेंच तो स्वतःस निर्लोभी समजतो! ज्यानें हजार रुपयांसाठीं मान हलविली, तो लाख खाणाऱ्याकडे बोट दाखवून रात्रीं स्वस्थ निजतो.

मोह हा त्याहून बारीक रिपु आहे. कागदास वस्तु समजणें हा नकाशेवाल्याचा खास मोह होय. बदलापूरकडे पाहा. पाटबंधारे खात्याच्या पद्धतीप्रमाणें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी रेषा आंखतात. कागदावर या रेषा केसाएवढ्या असतात, आणि केस थोडा इकडे तिकडे सरकविण्यांत कोणास पाप वाटत नाहीं. परंतु २६ जुलै २००५ रोजीं आणि पुन्हां २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीनें कागद पाहिला नाहीं. दुसऱ्या खेपेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली आणि हजारावर उतारूंस होड्यांतून बाहेर काढावें लागलें. जाहिरातींत ज्या खिडकीस 'नदीचें दर्शन' म्हणून जास्त किंमत लावतात, त्या खिडकींतून नदी स्वतः दर्शनास आली तर काय, हा प्रश्न चित्र काढणाऱ्यास सुचावयास नको काय?

मदाचा प्रकार निराळा. विद्येचा मद असा कीं, नियम ज्यास चांगला ठाऊक त्यास नियमाची फटही चांगली ठाऊक असते, आणि ती फट शोधणें हेंच तो कौशल्य मानूं लागतो. शिवाय या मदांत राहणाराविषयीं तुच्छता असते. उल्हासनगरचीच गोष्ट घ्या. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस आणून ठेविलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीस शहराचें नांव मिळालें. सर्वस्व गमावून आलेल्या त्या माणसांनीं बराकींत पडद्या घातल्या, पुढें ओटे काढले, मागें खोल्या काढल्या, आणि त्यांतच कारखाने व दुकानें उभीं केलीं. आज सुशिक्षित मनुष्य या दाटीकडे पाहून नाक मुरडतो. परंतु जेव्हां त्या लोकांस सुरक्षित घर कसें वाढवावें हें सांगणारा पाहिजे होता, तेव्हां आमचे विद्वान नाक मुरडण्यापलीकडे किती वेळां गेले?

मत्सराचें दुसरें नांव स्पर्धा असें आम्हीं ठेविलें आहे. उल्हासनगरच्या मालावरील 'यूएसए' या अक्षरांची थट्टा सर्वांनीं ऐकली आहे. अमेरिका नव्हे, उल्हासनगर सिंधी असोसिएशन! थट्टा जुनी झाली, पण दुसऱ्याची चीज आपल्या नांवें खपविण्याची वृत्ति कोणत्या एका शहराची किंवा जातीची मक्तेदारी नाहीं. तिचें सभ्य रूप असें: "मीं हें काम नाकारलें तर शेजारचा करील." दुसऱ्याचें गिऱ्हाईक पळवूं नये असा नियम १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याखालीं १९८९ मध्यें झालेल्या आचारनियमांत आहे, आणि समाजाच्या हिताशीं व्यवसायाचा विरोध येऊं देऊं नये असेंही तेथेंच लिहिलें आहे. पहिल्या नियमाचा भंग झाला तर ओरडणारा प्रतिस्पर्धी असतो. दुसऱ्याचा भंग झाला तर ओरडणारा कधीं कधीं ढिगाऱ्याखालीं असतो. आणि "शेजारचा करील" या तर्कास अंत कोठें? याच तर्कानें वालधुनी नदींत रंगाचें आणि रसायनाचें पाणी सोडलें गेलें, आणि याच तर्कानें प्रत्येकजण म्हणाला कीं माझ्या एका नळानें काय होणार.

काम म्हणजे हौस. नव्या रूपाची हौस नसेल तर रचनाकार कसला? तिला आंवर घातला म्हणजे झालें. राहिला क्रोध. येथें आमची तक्रार उलट आहे. क्रोध हा रिपु खरा, परंतु आमच्या नकाशेवाल्यांत तो जवळजवळ नाहींच! चुकीचें काम समोर आलें असतां ज्याच्या कपाळास आंठी पडत नाहीं, त्यास शांत म्हणावें कीं बधिर? मालकानें "खांब आड येतो, काढून टाका" म्हटल्यावर ज्याचा आवाज चढत नाहीं, त्याची नम्रता समाजास फार महाग पडते.

येथें दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. एकट्यानें नकार दिला तर त्याचें घर बुडतें आणि काम होतेंच. मग हुतात्मा होण्याचा उपदेश प्राध्यापकानें कोणत्या तोंडानें करावा? हें म्हणणें खोटें नाहीं. महिन्याच्या महिन्यास पगार घेणारानें दुसऱ्यास उपवासाचा महिमा सांगूं नये. म्हणूनच आम्ही एकट्याच्या शौर्याची नव्हे, तर पुढारीपणाची गोष्ट करतों. पुढारी तो कीं ज्याच्या नकारामुळें दुसऱ्यास नकार देणें सोपें होतें. एकेका गांवांतील दहा नामांकित नकाशेवाल्यांनीं उघडपणें जाहीर करावें कीं पूररेषेंत व मंजुरीवांचूनच्या मजल्यास आम्ही हात लावणार नाहीं. प्रत्येक इमारतीच्या दाराशीं, बिल्डरच्या नांवाएवढ्याच मोठ्या अक्षरांत, रचना करणाराचें नांव दगडांत कोरावें. हाताखालच्या मुलास "ही रेघ चुकली" असें म्हणावयाची मुभा असावी, आणि बांधल्यावर पांच वर्षांनीं आपली इमारत एकदां जाऊन पाहावी. यांत हौतात्म्य कोठें आहे?

अंबरनाथचें शिवमंदिर वालधुनीच्या काठीं आहे. शिलाहारांच्या काळचें हें देऊळ, त्यांतील लेखावर शके ९८२ म्हणजे सन १०६० असा काल आहे. मंडपांतून पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें. शिखर वरून भंगलेलें आहे, तरी भिंती साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ उभ्या आहेत. यावरून पूर्वींचे सर्व शिल्पी सत्शील होते असें अनुमान आम्ही काढीत नाहीं. त्या काळींही वाईट बांधलेलीं देवळें असतील, तीं पडलीं म्हणून आपणांस दिसत नाहींत. परंतु त्या काळच्या शास्त्रानें शील हा धंद्याचा चौथा भाग मानला, आणि आम्हीं तो शिक्षणक्रमांतून गाळला, एवढें खरें.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं एकच गोष्ट विचारली. तूं काढलेल्या इमारतींपैकीं कोणत्या इमारतींत, सर्वांत खालच्या मजल्यावर, तूं आपल्या आईस ठेवशील? तो हंसला नाहीं. बराच वेळ विचार करून त्यानें दोन इमारतींचीं नांवें सांगितलीं. त्यानें आजवर किती काढल्या, हें आम्हीं विचारलें नाहीं. त्याचें त्यास ठाऊक आहे.