दिव्याखाली अंधार नको

मैत्रिणींनो, कुकर घेताना आपण आयएसआयचा शिक्का बघतो. मधाच्या बाटलीवर अ‍ॅगमार्क शोधतो. मंगळसूत्राच्या वाट्या घेताना हॉलमार्क आहे ना, हे सोनाराला दोनदा विचारतो. पण दारात उभ्या असलेल्या गाडीच्या दिव्यावरही असा एक शिक्का असावा लागतो, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? ‘गाडी हे पुरुषांचं खातं’ असं म्हणून आपण तो विषय उंबऱ्याबाहेरच ठेवतो. त्या गाडीत बसतो मात्र आपण, आणि बसतात आपली मुलं.

नोव्हेंबर २०२० मधली गोष्ट. मारुती सुझुकी कंपनीने आपल्या ४०,४५३ ईको गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ४ नोव्हेंबर २०१९ ते २५ फेब्रुवारी २०२० या काळात तयार झालेल्या या गाड्या. कारण काय, तर हेडलाइटवर जे मानकचिन्ह असायला हवं, ते आहे की नाही हे पाहायचं होतं. ईको म्हणजे कोणती गाडी हे सांगायला नको. शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, बाजाराला निघालेली भाजी, सगळ्यांना पोटात घेणारी ती चौकोनी गाडी.

तुम्ही म्हणाल, दिवा लागतोय ना? मग एवढ्याशा शिक्क्यासाठी चाळीस हजार गाड्यांना हेलपाटा कशाला? अहो, शिक्का नसलेला कुकरही पहिल्या दिवशी शिट्टी देतोच की! शिक्क्याचा अर्थ एवढाच, की ही वस्तू कुणीतरी तपासली आहे. दिवा नुसता लागून भागत नाही. त्याचा झोत किती लांब जातो, किती खाली पडतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो की नाही, याला मोजमाप आहे. आपल्या पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे ना, १९६६ साली स्थापन झालेली, तिथे वाहनांच्या अशाच चाचण्या होतात. पुण्याला जाताना आपण त्या टेकडीकडे बघतो आणि पुढे जातो, इतकंच.

मुळशीकरणींना तर दिव्याचं मोल वेगळं सांगायला नको. भूगाव, पिरंगुट मागे पडलं, पौड ओलांडलं, की रस्त्यावरचे दिवे विरळ होत जातात. धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे निघालं, की पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढचं वळण हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. ज्या मुळशीच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले, त्याच मुळशीच्या रस्त्यावर रात्री भरवसा ठेवायचा तो आपल्या गाडीच्या दोन दिव्यांवर. पिरंगुटच्या कारखान्यातून, हिंजवडीच्या रात्रपाळीतून घरी येणारं माणूस त्याच उजेडात येतं.

आता हे ‘रिकॉल’ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. घरातल्या एका बरणीतलं लोणचं बिघडलं तर आपण म्हणतो, हात ओला लागला असेल. पण एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या सगळ्यांच्या बरण्यांना बुरशी आली, तर दोष आपल्या हाताचा नाही, बरण्यांच्या झाकणाचा. गाडीचंही तसंच. वापरून वापरून बल्ब गेला तर तो आपण बदलायचा. एका खेपेच्या सगळ्या गाड्यांत तोच दोष राहिला असेल, तर तो कंपनीने फुकट दुरुस्त करायचा. त्यात लाजण्यासारखं किंवा गाडी विकून टाकण्यासारखं काही नाही. उलट जी कंपनी आपणहून बोलावते, ती निदान चूक झाकत तरी नाही.

आपल्याकडे २०१२ पासून वाहन कंपन्यांच्या संघटनेने हा नियम स्वखुशीने पाळायचं ठरवलं. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०अ आलं, आणि सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत. ग्राहकांच्या तक्रारी ठरावीक संख्येच्या वर गेल्या, तर सरकार चौकशी करू शकतं. म्हणजे एकीने तक्रार नोंदवली तर ती एक तक्रार, आणि शंभरजणींनी नोंदवली तर तो पुरावा. पुण्यातच १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, ती याच विचारावर.

पण खरी गोम पुढेच आहे. कंपनी बोलावते, पण ते बोलावणं पोचतं कुणाकडे? ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याकडे. आपल्याकडे किती गाड्या दुसऱ्या हातातून घेतलेल्या असतात! व्यवहार ओळखीत झालेला, पैसे दिले, चावी घेतली, नाव बदलायचं ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून राहिलेलं. कुठे कागदांवर मोबाइल नंबर एजंटाने स्वतःचाच घातलेला. मग पत्र जातं जुन्या मालकाकडे, निरोप जातो एजंटाकडे, आणि ज्या बाईची मुलं त्या गाडीतून शाळेत जातात, तिला पत्ताच नसतो.

ही हयगय कधी कधी अंगाशी येणारी असते. सप्टेंबर २०२१ मध्ये याच कंपनीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा वगैरे मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. एक विजेचा भाग तपासून बदलायचा होता. तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका, विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असंही सांगितलं होतं. आता मुळशीचा पाऊस, आणि रस्त्यावर साचलेलं पाणी! ज्याला तो निरोप मिळालाच नाही, तो बिचारा काय जपणार?

म्हणून एवढं करा. रेशनकार्ड, विम्याचे कागद, बँकेची पुस्तकं जिथे ठेवता, तिथेच गाडीचं आरसी बुक ठेवा. त्यावरचा सतरा अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर आपल्या वहीत उतरवून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो घातला, की आपली गाडी बोलावलेल्यांत आहे का ते कळतं. नाही जमलं तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. जुनी गाडी घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर करून घ्या, आणि मोबाइल नंबर आपलाच आहे ना, हे पाहा. फुकट करायच्या कामाचे कुणी पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लक्षात ठेवा.

दिव्यांची घरगुती तपासणी तर आपणच करू शकतो. संध्याकाळी सपाट जागी भिंतीपासून पाच-सहा पावलांवर गाडी उभी करायला सांगा. दोन्ही उजेड सारखे हवेत. ‘डिपर’ दिल्यावर झोत खाली यायला हवा. काच पिवळी पडली असेल, आत पाण्याचे थेंब दिसत असतील, एक दिवा मिणमिणत असेल, तर घाट चढू नका. आणि ‘जास्त उजेडाचा’ म्हणून मोठ्या वॅटचा बल्ब बसवू देऊ नका. साठ वॅटच्या जागी शंभराचा बसवला तर वायर आणि होल्डर तापतात, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. धुक्यातही झोत खालीच ठेवायचा. वर केला की धुकंच पांढरं होऊन समोर उभं राहतं.

शेवटची गोष्ट शाळेच्या गाडीची. ती आपली नाही, म्हणून आपण काही बोलत नाही. पण आपलं सगळ्यात मोलाचं सामान त्यातच असतं. येत्या पालकसभेत चार-पाचजणींनी मिळून गाडीवाल्या काकांना सरळ विचारा, “काका, चॅसिस नंबर तपासून घेतलात का?” ते रागावणार नाहीत. त्यांनाही रात्री घरी जायचंच असतं.