शक कोणाचा? इतिहास लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना जाहीर विनंती

पैठणच्या कुंभाराघरी वाढलेल्या पोराने मातीच्या सैन्यात प्राण फुंकले, शत्रूला पळवले आणि आपल्या नावाचा शक सुरू केला, ही कथा गुढीपाडव्याला घरोघरी सांगितली जाते. ती तशीच सांगितली जावी. पण तीच कथा 'शालिवाहन राजाने इ.स. ७८ मध्ये शक सुरू केला' असे विधान होऊन इतिहासाच्या पुस्तकात बसते, तिथे आमचा ठाम विरोध आहे.

शालिवाहन ज्या सातवाहन घराण्यातला मानला जातो, त्याच्या शिलालेखांत आणि नाण्यांवर सातवाहन, सातकर्णी, पुळुमावी ही नावे सापडतात. शालिवाहन कुठेच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे राजे कोणताही शक वापरत नव्हते. ज्याचे राज्य, त्याच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजायची, ही त्यांची रीत. नाशिकच्या पांडवलेण्यांतला गौतमी बलश्रीचा लेख पाहा. तो पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचा वंश उरू दिला नाही, असे ही माता अभिमानाने कोरून ठेवते. मुलाने नवी कालगणना सुरू केली असती, तर या स्तुतीत ती गाळली गेली असती काय? आणि नातू पुळुमावी वर्षे मोजताना तीच वापरता ना? उलट, कच्छमधील अंधौ येथे चष्टन आणि रुद्रदामन या शक क्षत्रपांच्या लेखांत ५२ वे वर्ष येते, ते याच शकाचे. बदामीचा चालुक्य मंगलेशाचा लेख तर शक राजाच्या अभिषेकापासून ५०० वर्षे झाल्याचे स्पष्ट सांगतो. तो इ.स. ५७८ चा. शालिवाहनाचे नाव या गणनेला चिकटले ते त्यानंतर कित्येक शतकांनी. विजयनगरच्या लेखांत ते सर्रास दिसते.

यावर जाणकार म्हणतील, शालिवाहन हे सातवाहनाचेच रूप आहे. मान्य. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात सातवाहन शब्दातल्या 'त'चा 'ल' होतो, असा नियमच आहे. लोकांनी त्या घराण्याची आठवण या नावात जपली, ही मोलाची गोष्ट. पण त्याने नावाची व्युत्पत्ती सिद्ध होते, शकाचा कर्ता नव्हे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो आम्ही हलका मानत नाही: आपल्या मातीतल्या राजाचा मान परक्यांना का द्यायचा? गौतमीपुत्राचा मान उसन्या शकावर अवलंबून नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षहरात वंशातला शक राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला आहे. विजयाचा याहून बोलका पुरावा कोणत्या राजाला लाभला आहे? शिवाय 'शक' हा शब्द आपण केव्हाच आपला करून घेतला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वतःची कालगणना सुरू केली, तीही 'राज्याभिषेक शक' म्हणूनच ओळखली जाते.

पंचांगातला आणि संकल्पातला शालिवाहन तिथेच राहू द्या. तो परंपरेचा आहे. २२ मार्च १९५७ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेलाही नुसता 'शक' हा शब्द पुरला. पाठ्यपुस्तके, ग्रंथ आणि माहितीफलक यांत तेवढेच लिहा. जुन्या लेखात 'शालिवाहन शक' असेल तर तो अवतरणात जसाच्या तसा ठेवा. राजाविषयी लिहाल, तेव्हा मात्र त्याच्या आईने कोरून घेतलेले नाव लिहा: गौतमीपुत्र सातकर्णी.