चाँदरातीची खरेदी आणि हप्त्याचा हिशेब

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की घरोघरी एकच विषय निघतो. कुणाचे किती जोड झाले, मुलीच्या शराऱ्यावर शोभेल अशी चप्पल मिळाली का, सोफ्याची कव्हरे बदलायची की सोफाच बदलायचा. दुकानांवर ‘ईद सेल’चे फलक लागतात, मोबाईलवर दिवसाला दहा संदेश येतात. ज्या शेवटच्या दहा रात्रींत शब-ए-कद्र शोधायची, त्या मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून औरंगाबादच्या शहागंजपर्यंत बाजाराच्या गर्दीत जातात. ईदला आपल्याजवळचे चांगले कपडे घालावेत, अत्तर लावावे, हे तर सुन्नतच आहे. मुलांच्या अंगावर नवे कपडे पाहून आम्हालाही आनंद होतो. काळजी वाटते ती ईदनंतरच्या महिन्यांची.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे ईद दरवर्षी अलीकडे सरकते. पगार आणि शाळा मात्र इंग्रजी महिन्यांनी चालतात. २०२५ साली ईद ३१ मार्चला झाली. लगेच एप्रिल, मग जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश, फी. शिवाय आपल्या राज्यात नोकरदारांना बोनस मिळतो तो दिवाळीला. तो मार्चपर्यंत कुणाच्या हातात उरतो? हात मोकळा नसतो आणि नेमक्या त्याच वेळी दुकानदार म्हणतो, “भाभी, आत्ता काहीच देऊ नका, सहा हप्त्यांत द्या. व्याज शून्य.”

सूद घ्यायचा नाही, द्यायचा नाही, असे ठामपणे सांगणारी घरेही इथे सहज सही करून मोकळी होतात, कारण ‘शून्य’ हा शब्द ऐकलेला असतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. मग हा शून्य येतो कुठून, ते पाहू.

समजा मोबाईलची किंमत १८,००० रुपये आहे आणि सहा महिने ३,००० चा हप्ता. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरला, तर या हप्त्यांत सुमारे ७६० रुपये व्याजाचे बसतात. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट बँकेला परस्पर देते आणि आपल्याला सांगते, व्याज नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याकडूनच घेतला जातो, तो सुमारे १३७ रुपये. वर प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे ‘काही नाही’ म्हणता म्हणता ३७० रुपये गेले. रोख देणाऱ्याला दुकानदार जी सूट देऊ शकला असता, ती गेली ते वेगळेच. आणि कार्डाचे बिल वेळेवर पूर्ण भरले नाही, ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकलले, तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचे ते चाळीसच्या पुढे जाते. कुठली योजना शरीअतमध्ये बसते आणि कुठली नाही, हे आपल्या ओळखीच्या आलिमांना जरूर विचारावे. आम्ही शिक्षक, आम्ही फक्त बेरीज मांडली. फायनान्स कंपनीकडून हप्ता घेणारच असाल, तर सहीपूर्वी एकच विचारा: सगळे खर्च धरून वार्षिक दर किती, तो कागदावर दाखवा.

सवलतीच्या टक्क्यांचीही अशीच गंमत आहे. आमच्या सातवीच्या वर्गात आम्ही एकदा फळ्यावर लिहिले, ‘५० टक्के + २० टक्के सूट’. वर्गाने एका सुरात उत्तर दिले, सत्तर टक्के. मागच्या बाकावरच्या एका मुलीने वहीत मांडले: हजाराचे पाचशे झाले, पाचशेचे वीस टक्के शंभर, उरले चारशे. म्हणजे साठ टक्के. तिची अम्मी घरी शिवणकाम करते. हिशेब घरातच शिकलेली मुलगी. तेव्हापासून शेकडेवारीचा धडा आम्ही दुकानाच्या जाहिराती घेऊनच शिकवतो. आणि सूट कशावर, हेही बघावे. ती बहुधा छापील किमतीवर असते, आणि छापील किंमत ही फक्त कमाल मर्यादा असते. त्याच्या खाली दुकानदार वर्षभर विकू शकतो आणि विकतोही. गेल्या महिन्यात तीच वस्तू कितीला होती, एवढेच खरे माप.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. मोठ्या शोरूममध्ये आपण किंमत मुकाट्याने देतो आणि बाहेर हातगाडीवर बांगड्या विकणाऱ्या माणसाशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याचीही ईद असते.

आमच्या ओळखीच्या काही घरांत एक चांगली पद्धत आहे. शाबान लागला की जकातीचा हिशेब आणि फित्र्याचे पैसे आधी बाजूला निघतात. फितरा ईदच्या नमाजपूर्वी द्यायचाच असतो, म्हणून तो शेवटच्या दिवसावर ठेवत नाहीत. जे उरते त्याच्या माणशी पाकिटांवर नावे लिहितात. पाकीट संपले की त्या माणसाची खरेदी संपली. मोठ्या मुलीने सातशेचा ड्रेस घेऊन उरलेल्या पैशांत बहिणीसाठी ओढणी आणली, असे प्रसंग याच घरांत घडतात. भगिनींच्या भिशीचाही चांगला उपयोग होतो. बारा जणींनी महिन्याला हजार रुपये टाकले तर एकीला बारा हजार एकदम मिळतात, सूद नाही, फी नाही. जिच्या घरी जास्त माणसे, तिचा नंबर रजब-शाबानमध्ये धरायचा, एवढे आपसांत ठरवले की हप्त्याची गरज राहत नाही. मात्र भिशी अशाच बायकांची असावी, ज्यांचे घर आपल्याला ठाऊक आहे.

शिरखुर्म्याचा सुकामेवाही शाबानमध्येच थोडा थोडा घेऊन डब्यात भरावा. चारोळी आणि पिस्ते लागतात मूठभर, पण चाँदरातीला आपण पाव-पाव किलो उचलतो. कापडाचेही तेच. आमच्या गल्लीतला दर्जी पंधराव्या रोज्यानंतर नवे माप घेतच नाही.